गर्भपात आणि गर्भलिंगनिदान : वडीलधाऱ्यांनी ओळखावा असा फरक

रक्तदाब तपासून घेण्यासाठी दरमहा येणारे एक निवृत्त गुरुजी परवा तपासणी आटोपल्यावर उठले नाहीत. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. अमेरिकेतील एका मोठ्या रस्त्यावरून हजारो माणसे गर्भातील बाळाची चित्रे उंच धरून चालली होती. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशालासुद्धा हे पाप कळले. आपल्याकडे मात्र दवाखान्यांतून राजरोस चालते. आपल्या कवठे महांकाळात अशी जागृती का करू नये?"

गुरुजींचा हेतू निर्मळ होता. परंतु बाहेर रुग्णांची रांग होती आणि उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते. शिवाय त्या उत्तरात माझी स्वतःची एक चूकही येते. म्हणून ते आपणा सर्व ज्येष्ठ वाचकांसमोर सविस्तर मांडतो.

प्रथम अमेरिकेविषयी. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी एका निकालाने स्त्रीचा गर्भपाताचा अधिकार मान्य केला. पुढच्याच वर्षापासून जानेवारी महिन्यात, त्या निकालाच्या स्मरणदिनाच्या सुमारास, राजधानी वॉशिंग्टनमध्ये निषेधाचे मोर्चे निघू लागले आणि ते आजही निघतात. गुरुजींच्या मोबाइलवरील दृश्य बहुधा त्यांतलेच असावे. या चळवळीने केवळ मोर्चे काढले नाहीत, शिक्षणाचा मार्गही धरला. गर्भवतींना सल्ला देण्याच्या निमित्ताने त्यांना गर्भपातापासून परावृत्त करणारी अडीच हजारांच्या आसपास केंद्रे तेथे उभी राहिली. अलीकडे, २०२३ साली नॉर्थ डकोटा आणि २०२४ साली टेनेसी या राज्यांनी गर्भाच्या वाढीची चित्रफीत शाळेत दाखवण्याचे कायदे केले. दरम्यान २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निकालच रद्द केला. तेव्हापासून हा विषय प्रत्येक राज्याच्या मर्जीवर आहे. काही राज्यांत जवळजवळ पूर्ण बंदी, तर काहींत पूर्ण मोकळीक. तेव्हा 'अमेरिकेने बंद केले' हे गुरुजींचे विधान अर्धेच खरे आहे.

त्या शिक्षणातील सगळेच शास्त्रशुद्ध असते, असेही नाही. गर्भपात केल्याने पुढे स्तनाचा कर्करोग होतो, हे तेथे वर्षानुवर्षे सांगितले गेले. काही राज्यांच्या सरकारी पुस्तिकांतही ते छापले गेले. अमेरिकेतीलच स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पुरावे तपासून असा कार्यकारणसंबंध नाही, असा निर्वाळा दिला आहे. आपल्याकडेही 'एकदा गर्भ पाडला की पुन्हा मूल होत नाही' असे सर्रास म्हटले जाते. योग्य ठिकाणी, प्रशिक्षित डॉक्टरकडून, वेळेत झालेल्या गर्भपाताबाबत ते खरे नाही. अयोग्य ठिकाणी झालेल्या गर्भपाताबाबत मात्र ते पुष्कळदा खरे ठरते, कारण जंतुसंसर्गाने गर्भनलिका बंद होतात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या भागातील दुखणे अमेरिकेहून अगदी निराळे आहे. तेथे वाद आहे तो गर्भ ठेवावा की नाही, यावर. आपल्याकडे प्रश्न उभा राहिला तो गर्भ मुलीचा असल्यामुळे. निसर्गतः दर शंभर मुलींमागे सुमारे एकशे पाच मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असाव्यात. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे प्रमाण महाराष्ट्रात ९१३ होते आणि आपल्या सांगली जिल्ह्यात अवघे ८५१. कृष्णाकाठचा ऊस, आपल्याकडची द्राक्षे आणि बेदाणा, शिक्षणसंस्था, सहकार यांचा आपण अभिमान बाळगतो. त्याच जिल्ह्याचा हा आकडा. पंतप्रधानांनी 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही योजना २२ जानेवारी २०१५ रोजी सुरू केली, तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत सांगलीचे नाव होते. (अमेरिकेतील त्या निकालाचीही तारीख २२ जानेवारीच. हा निव्वळ योगायोग.)

शेजारच्या साताऱ्यात तर कित्येक मुलींचे नावच 'नकुसा' असे. २०११ साली तेथील जिल्हा परिषदेने अशा मुली शोधून समारंभपूर्वक त्यांची नावे बदलली. पंचविशीच्या पुढील वाचकांना तो समारंभ आठवत असेल. माझ्या मनात तेव्हा एकच विचार आला होता : नाव ठेवणारी आजी त्या मंडपात कोठे बसली असेल?

या प्रश्नावर महाराष्ट्राने सर्वांआधी पाऊल उचलले, याचीही नोंद घेतली पाहिजे. मुंबईतील कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा आपल्या राज्याने केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ साली झाला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २००३ साली कायदा अधिक कडक झाला. साताऱ्याच्या अॅड. वर्षा देशपांडे यांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून अनेक सोनोग्राफी केंद्रे उघडी पाडली. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे.

आणि तरीही मार्च २०१७ मध्ये म्हैसाळ घडले. म्हैसाळ हे नाव आपल्या तालुक्याला परके नाही. तेथून उपसलेले कृष्णेचे पाणी आपल्या कोरड्या शिवारात येते, त्या योजनेचे नावच म्हैसाळ. त्या गावात होमिओपॅथीची पदवी असलेला एक डॉक्टर रुग्णालय चालवीत होता. दोन मुली असलेली, पुन्हा गरोदर राहिलेली एक तरुण विवाहिता तेथे बेकायदा गर्भपात करताना मृत्यू पावली. पोलिसांनी तपास केला तेव्हा ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. तपासणीचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकातही गेले. त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

म्हैसाळनंतर आम्ही डॉक्टर मंडळींनी जोरात जागृती आरंभली. मीही शाळांतून व्याख्याने दिली. पोटातील मुलगी आईला विनवते, 'मला मारू नकोस,' असे लिहिलेले भावनाप्रधान पत्र वाचून दाखवी. मुली रडत. शिक्षक रडत. माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर मी स्वखर्चाने मोठा फलक लावला : 'भ्रूणहत्या महापाप आहे, भ्रूणहत्या गुन्हा आहे.' फलकावर गर्भाचे चित्र होते. आज गुरुजींच्या मोबाइलवरचे फलक पाहताना ते चित्र मला ओळखीचे वाटले, ते उगीच नव्हे.

त्यानंतर वर्षभरातच एका संध्याकाळी द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या कुटुंबातील एका बाईला रिक्षातून आणले. तिला एक मुलगा, एक मुलगी. तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि तिसरे मूल पोसण्याची ऐपत नव्हती. सोनोग्राफी झालेली नव्हती. मुलगा की मुलगी, हा प्रश्नच तिच्या घरात कोणाला पडला नव्हता. सासूने कोणाकडून तरी मुळी आणून काढा दिला, नंतर कोणा अनोळखी माणसाकडून गोळ्या आणल्या. तीन दिवस रक्तस्राव चालू होता. अंगात ताप, नाडी जलद, डोळ्यांच्या आतली बाजू कागदासारखी पांढरी. सलाइन लावून मी तिला तातडीने मिरजेस पाठवले. तिचा जीव वाचला. पंधरा दिवसांनी सासू-सून दोघी भेटायला आल्या, तेव्हा मी रागानेच विचारले, "आधी माझ्याकडे का आला नाहीत?"

सासू फलकाकडे बोट करून म्हणाली, "आलो हुतो की डॉक्टर. ह्या बाकावर तासभर बसलो. तुमच्याच भिंतीवर लिवलंय, पाप हाय, गुन्हा हाय. मग तुमास्नी कसं इचारायचं? पोलिसात दिलं असतं तर?"

त्या फलकाने म्हैसाळसारख्या ठिकाणी जाणारे कोणी थांबले की नाही, ते मला कळण्याचा मार्ग नाही. या दोघी माझ्या दारातून परतल्या, एवढे मात्र मला पक्के ठाऊक आहे. फलकावर लिहिलेले कायद्याच्या दृष्टीने चूक होते आणि ते मी लिहिले होते.

आपण सारे 'भ्रूणहत्या' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो, घोटाळ्याचे मूळ येथे आहे. गर्भाचे लिंग तपासणे, तपासायला लावणे, सांगणे आणि त्यावरून गर्भपात करणे हा गुन्हा आहे. गर्भपात हा मात्र मर्यादा पाळून केल्यास आपल्या देशात १९७१ च्या कायद्यापासून वैध आहे. या कायद्याचा पाया ज्या समितीने घातला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. समितीपुढे पाप-पुण्याचा वाद नव्हता. चोरून केलेल्या गर्भपातांनी मरणाऱ्या स्त्रिया होत्या.

२०२१ च्या दुरुस्तीनंतरची स्थिती अशी : वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. स्त्रीच्या जीवाला वा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका असेल, गर्भात गंभीर दोष असेल, बलात्कारातून गर्भ राहिला असेल किंवा संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरले असेल, ही त्याची कारणे. वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ती सवलत ठरावीक स्त्रियांनाच आहे. उदाहरणार्थ अत्याचारग्रस्त, अल्पवयीन, अपंग किंवा गरोदरपणातच विधवा अथवा घटस्फोटित झालेल्या. त्यानंतर केवळ गर्भातील मोठ्या दोषासाठी वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. स्त्रीचा जीव तातडीने वाचवायचा असेल, तर मात्र आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या न्यायालयाने जुना निकाल मोडल्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतच्या या सवलतीत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असे सांगितले.

संमती कोणाची लागते? सज्ञान स्त्री असेल तर फक्त तिची. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, सासऱ्यांची तर नाहीच. हे वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडेल, हे मला दिसते आहे. परंतु रुग्णालयात 'घरच्यांना बोलवा' म्हणून परत पाठवलेली स्त्री पुष्कळदा घरी न जाता भोंदूकडे जाते. तिचे नाव गुप्त ठेवणे हेही कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे.

गर्भपात कोणी करावा, हेही ठरलेले आहे. माझ्यासारख्या एम.बी.बी.एस. डॉक्टरलाही ठरावीक प्रशिक्षणाखेरीज तो करता येत नाही. मी ते घेतलेले नाही, म्हणून मी मान्यताप्राप्त केंद्राकडे चिठ्ठी देऊन पाठवतो. होमिओपॅथ, आयुर्वेदिक वैद्य, परिचारिका, सुईण यांपैकी कोणालाही ती परवानगी नाही.

गोळ्यांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण त्यांच्याबद्दल गैरसमज फार आहेत. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली दोन प्रकारच्या गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो. सोनोग्राफीवर गर्भाचे लिंग भरवशाने दिसू लागते ते बाराव्या आठवड्यानंतर. म्हणजे या गोळ्या वेळेत घेणारीला सोनोग्राफीने लिंग कळलेलेच नसते. तरीही चौकशीच्या धास्तीने अनेक औषध दुकानदार त्या ठेवीनासे झाले आणि चोरट्या मार्गाने, दामदुप्पट किमतीत, कोणतीही तपासणी न होता त्या मिळू लागल्या. तपासणी का हवी? गर्भ कधी कधी गर्भाशयाऐवजी नळीत रुजतो. तेथे या गोळ्या चालत नाहीत. नळी फुटून काही तासांत प्राण जाऊ शकतो.

आपल्या घरात सून, लेक किंवा नात या गोळ्या घेऊन आली असेल, तर काळजी घेणाऱ्याने काय पाहावे? पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव आणि पोटात कळा येणे अपेक्षित आहे. परंतु सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, चक्कर येऊन ती पडत असेल, ताप चोवीस तासांहून अधिक टिकला, स्रावाला दुर्गंधी आली किंवा पोटात एकाच बाजूला तीव्र वेदना होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात काय घेतले ते खरे सांगावे. लपवल्याने उपचाराला उशीर होतो. नंतर तिला विश्रांती, पोटभर जेवण आणि लोहाच्या गोळ्या द्याव्यात. पपई, मुळ्या, काढे यांच्या वाटेला जाऊ नये. गर्भपातानंतर दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साधनाविषयी त्याच भेटीत विचारून घ्यावे. आणि कृपा करून तिच्याशी अबोला धरू नये.

गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून आईला थांबवून ठेवले, तर काय होते? आपल्या सीमेलगतच्या बेळगावची दंतवैद्य लेक सविता हलप्पनवार पतीसह आयर्लंडमध्ये राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले होते. तिने गर्भपाताची विनंती केली. तेथील कायदा तेव्हा अतिशय कडक होता. ठोके थांबेपर्यंत वाट पाहण्यात दिवस गेले आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबर रोजी ती गेली. वय ३१. मे २०१८ मध्ये आयर्लंडच्या जनतेने ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी घटनेतील ती तरतूद काढून टाकली. बेळगावात तिच्या आई-वडिलांनी दूरचित्रवाणीवरून मतदारांना आवाहन केले होते, हे आपल्यापैकी काहींना स्मरत असेल. गुरुजी, आपण दाखवलेल्या चित्रफितीत ही बाजू नव्हती.

मग मुलींचे काय? त्या कायद्याचा धाक कमी करावा, असे मी मुळीच म्हणत नाही. उलट ज्येष्ठांना ठाऊक नसलेली त्यातील एक तरतूद येथे मुद्दाम सांगतो. गर्भलिंगनिदान झाल्याचे आढळले, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय असे गृहीत धरते की, त्या स्त्रीला पतीने किंवा नातेवाइकाने भाग पाडले. तपासणी करवून घेणाऱ्या पतीला किंवा नातेवाइकाला पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. म्हणजे 'एकदा बघून घ्या की' असे म्हणणारी सासू आणि त्यासाठी गाडी ठरवणारा सासरा कायद्याच्या नजरेत पहिले आहेत, सून नव्हे. मुलगा की मुलगी हे तर पुरुषाच्या शुक्राणूवर ठरते. हे शाळेत शिकवले जाते, तरी माझ्यासमोर बसून सुनेला बोल लावणाऱ्या आजीबाई अजून येतात. त्यांच्यापैकी बहुतेकींनी तरुणपणी तेच बोल ऐकलेले असतात. विचारले की सांगतात, आणि मग गप्प होतात.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला दुसरे उत्तरही मिळालेले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने मूल मारू नये, असे त्यांनाही वाटत होते. पण त्यांनी तिच्या दारापुढे मोर्चा नेला नाही. तिने गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी सोय आपल्या घरी केली. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने पंढरपुरात १८७५ साली असेच गृह निघाले. वारीला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे, कोण जाणे.

माझ्या दवाखान्यातला जुना फलक मी त्या सासूबाईंच्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी उतरवला. नव्या फलकावर चित्र नाही. मजकूर मोठ्या अक्षरांत आहे, चष्मा विसरून आलेल्यांनाही वाचता यावा म्हणून : 'गर्भाचे लिंग तपासणे गुन्हा आहे. नको असलेल्या गर्भाविषयी आत येऊन विचारा. ते गुप्त राहील.' गुरुजींना तो बाकावर बसून रोज दिसत होता. त्यांनी नीट वाचला तो परवा, जाता जाता. मग विचारले, "शाळेतल्या व्याख्यानाला येता का? या वेळी ते पत्र नको, हेच सांगा." पुढच्या शनिवारी जायचे ठरले आहे. आजी-आजोबांनाही बोलवावे, अशी अट मी घातली आहे.